डाव्या अंगाचा टायर

भगवानरावांना बैल कळतो, हे देवणी तालुक्यात कुणीही सांगेल. कुणी सांगितलं नाही तर ते स्वतः सांगतात. चाळीस वर्षं त्यांनी जनावरांच्या बाजारात पारख केली, प्रदर्शनात पंच म्हणून छातीवर बिल्ला लावून मिरवलं, आणि एवढ्या काळात आपला एकही अंदाज चुकला नाही असं त्यांचं ठाम मत आहे. जे चुकले ते बैलांनी नंतर चुकवले.

पारख करायची त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी बैलाला समोरून बघायचं. मग पाठीवरून तळहात फिरवायचा, एकदा सुलटा आणि एकदा उलटा. केसांच्या दिशेनं हात नेला तर सगळीच जनावरं गुळगुळीत लागतात, उलट्या दिशेनं नेला की खरं काय ते कळतं, असं ते म्हणत. आणि शेवटी त्यांचा खास खेळ असे. ते बैलाकडे पाठ करून उभे राहत, मालकाला बैल फरशीवरून चालवायला लावत, आणि नुसत्या खुरांच्या आवाजावरून कोणत्या पायात खोट आहे ते सांगत. हा प्रकार बघायला बाजारात घोळका जमायचा. एका वानेऱ्या, म्हणजे पांढऱ्या अंगाच्या आणि काळसर तोंडाच्या, बैलाच्या मागच्या डाव्या पायाचं खूर चिरलंय, हे त्यांनी असं पाठमोरं उभं राहून सांगितलं आणि खरंच तसं निघालं, तेव्हापासून त्यांचा कान हा तालुक्यातला मानाचा अवयव झाला.

हा मानाचा अवयव गेल्या तीन-एक वर्षांत हळूहळू कामातून गेला. भगवानरावांनी मात्र त्याचा वेगळा अर्थ लावला. त्यांच्या मते माणसंच अलीकडे तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती. शाळांमधून मोठ्यानं वाचन घेणं बंद झालं, त्याचा हा परिणाम. टीव्हीचा आवाज कंपनीनंच कमी ठेवलेला. फोनला रेंज नाही. देवळातली घंटा जुनी होऊन बसलेली. एवढं सगळं जग बिघडलं होतं आणि त्यात फक्त भगवानरावांचे कान तेवढे शाबूत होते.

गाडी आली चार वर्षांपूर्वी. दावणीचे बैल कमी होत होत एका जोडीवर आले होते, नांगराला ट्रॅक्टर लागला होता, आणि मुलगा व्यंकट नांदेडला कॉलेजात शिकवायला लागला होता. त्याच्याच आग्रहावरून दारात पांढरी कार उभी राहिली. भगवानराव चौसष्टाव्या वर्षी गाडी शिकले, आणि खोटं कशाला बोला, चांगली शिकले. पहिल्याच वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी झाल्यावर त्यांना गाडी एकटी पडल्यासारखी वाटली. मग गाडीचे खांदे जिथे असतील असा त्यांचा अंदाज होता तिथे, म्हणजे बॉनेटच्या दोन्ही कोपऱ्यांना, त्यांनी हळद-लोणी चोळलं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. गाडी जेवायला आली नाही. हळदीचे डाग मात्र अजून आहेत.

खरा पराक्रम पुढे लातूरला पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी झाला. तिथल्या साहेबानं रीतीप्रमाणे विचारलं, की मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे करून घेऊ का, जागा बदलली की चारही सारखे झिजतात. भगवानरावांनी त्याच्याकडे दयेनं बघितलं.

“साहेब, डाव्या अंगाचा बैल तुम्ही उजव्या अंगाला जुपता का?”

साहेब शहरातला. त्यानं बैल कुठल्याच अंगाला जुपलेला नव्हता. भगवानरावांनी त्याला उभ्या उभ्या शिकवणी दिली: बैलाला आपली बाजू अंगवळणी पडलेली असते, डावा तो डावा आणि उजवा तो उजवा, अदलाबदल केली की जोडी बिघडते आणि नांगराचं तास वाकडं जातं. बाकीची गिऱ्हाइकं ऐकत उभी राहिली. साहेबानं निमूट फॉर्मवर ‘नको’ लिहिलं. त्यानंतरच्या प्रत्येक सर्व्हिसिंगला हाच प्रश्न आला आणि हीच शिकवणी झाली. अशी चार वर्षं आणि पंचेचाळीस हजार किलोमीटर ते चार टायर आपापल्या जागी इमानानं झिजत राहिले.

आवाज पहिल्यांदा ऐकला लक्ष्मीबाईंनी. भगवानरावांच्या या पत्नी मुळात कमी बोलणाऱ्या, आणि हल्ली प्रत्येक गोष्ट दोनदा बोलावी लागत असल्यानं आणखी कमी बोलणाऱ्या. घरातल्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेच्या छल्ल्याला असतात, कोठीची, कपाटाची, ट्रंकेची. फक्त गाडीची किल्ली भगवानरावांच्या बंडीच्या खिशात. तर एका लग्नाला उदगीरला जाताना लक्ष्मीबाईंनी विचारलं, की मागून हे काय घुमायलंय. भगवानरावांना काहीच घुमताना ऐकू आलं नाही. पण तसं सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रस्ता आहे, असं ते म्हणाले. दोष रस्त्यावर ढकलायची सोय आमच्याकडे बारमाही आहे, कारण ‘काम चालू आहे’ ही पाटी आमच्याकडे रस्त्यापेक्षा जास्त टिकते.

पण आवाज वाढत गेला. दिवाळीला दोन घरं सोडून पिठाची गिरणी चालू असावी एवढा होता, संक्रांतीला गिरणी आपल्याच घरात आली. शेजारच्या रामलिंगनं वाटेत लिफ्ट घेतली तेव्हा तो बसल्या बसल्या म्हणाला, की बेअरिंग गेलं. रामलिंगनं वीस वर्षं प्रवासी जीप चालवली. आता जीप राहिली नाही, ज्ञान तेवढं उरलंय, आणि ते तो ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट वाटतो. भगवानराव त्याला म्हणाले, मला महिन्याभरापासून ठाऊक आहे. इतकं धडधडीत खोटं ते पंच असताना कधी बोलले नव्हते.

मग व्यंकट दोन दिवसांच्या सुट्टीत आला, आणि आईवडिलांना घेऊन शेताकडे निघाला. गाडी त्यानंच चालवली. शंभर-दोनशे मीटर गेल्यावर त्यानं वेग कमी केला, वाढवला, परत कमी केला, आणि वडिलांकडे बघितलं. वडील खिडकीतून दुसऱ्याच्या हरभऱ्यातले दोष बघत होते. व्यंकटनं नांदेडच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचतो त्या आवाजात विचारलं.

“आबा, हा आवाज तुम्हाला ऐकू येत नसंल तर मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न कसा ऐकू येईल?”

प्रश्न साधा होता आणि बरोबर होता. म्हणूनच भगवानरावांना तो फार लागला. आवाज ऐकू येतो, म्हणूनच मी गप आहे, कारण शोधायलोय, असं त्यांनी ठोकून दिलं. व्यंकट कॉलेजातला माणूस, त्यानं लगेच परीक्षा ठेवली. पुढच्या रविवारी तो एसटीनं येणार होता. तोवर आवाज कशाचा आहे ते आबांनी शोधायचं आणि त्याचा बंदोबस्त करायचा. जमलं तर गाडी आबांची. नाही तर रविवारी किल्ली व्यंकटच्या हातात, आणि गाडी नांदेडला.

अशा रीतीनं, जो आवाज सगळ्या देवणीला ऐकू येत होता तो शोधायचं काम देवणीतल्या एकमेव ऐकू न येणाऱ्या माणसाकडे आलं.

भगवानराव घाबरले. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण त्या रात्री ते जेवले नाहीत. गाडी गेली म्हणजे हंडरगुळीचा जनावरांचा बाजार गेला. उदगीरचा गेला. लोक अजूनही त्यांना बैल बघायला बोलावत, ‘भगवानराव आले’ म्हणून घोळक्यात वाट करून देत, तेही गेलं. उरला ओटा, आणि ओट्यावर आधीपासून रामलिंग बसलेला. दोन पारखी एका ओट्यावर, आणि पारखायला समोरून जाणारी माणसं. त्यापेक्षा मेलेलं बरं असं त्यांना वाटलं.

सोमवारपासून तपास सुरू झाला. स्वतःला ऐकू येत नसलं की दुसऱ्याचे कान वापरायचे, हा मार्ग त्यांना बरा वाटला. ते रामलिंगला रोज फेरी मारायला नेऊ लागले आणि ‘तुला काय वाटतं ते आधी सांग, मग मी सांगतो’ असं गुरुजीसारखं विचारू लागले. रामलिंगला आयुष्यात इतक्या आदरानं कुणी विचारलं नव्हतं. तो फुलला. सोमवारी त्याला बेअरिंग वाटत होतं. मंगळवारी विचारांती गिअरबॉक्स वाटला. बुधवारी सायलेन्सर, आणि परतताना शंका नको म्हणून इंजिनसुद्धा. भगवानराव प्रत्येक वेळी ‘माझ्याही तेच मनात होतं’ म्हणत राहिले. बुधवार संध्याकाळपर्यंत गाडीत बिघडायचं काही शिल्लक राहिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ते एकटेच निघाले. गावाबाहेर आल्यावर त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि अनवाणी पायांनी गाडी चालवायला लागले. आणि तळपायाला काहीतरी लागलं. बारीक थरथर होती. वेग वाढवला की वाढायची, कमी केला की मंदावायची. कित्येक महिन्यांनी त्यांना स्वतःहून काहीतरी कळत होतं, कुणाच्या तोंडाकडे न बघता.

पुढे रस्त्याचा नवा गुळगुळीत तुकडा लागला तशी थरथर अर्ध्यावर आली. तो तुकडा संपून जुना खरबरीत रस्ता लागला आणि ती परत वाढली. भगवानराव मागे वळून त्याच तुकड्यावरून तीन वेळा गेले. शेजारच्या शेतातला माणूस काम थांबवून बघत उभा राहिला. उतारावर त्यांनी गिअर काढून गाडी मोकळी सोडली. इंजिन नुसतं जागच्या जागी फिरत होतं, थरथर मात्र आहे तशीच. मग त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि बैलाच्या समोर बसून करायचे तसा विचार केला. दुखणं पोटात असतं तर गिअर काढल्यावर बदललं असतं. दुखणं रस्ता बघून बदलतंय. म्हणजे जे जमिनीला टेकतं तिथंच आहे.

त्यांना एवढा आनंद झाला की ते वहाणा घालायला विसरले आणि तसेच घरात आले.

शुक्रवारी ते लक्ष्मीबाईंना घेऊन उदगीरला शिवप्पाकडे गेले. शिवप्पाचं टायरचं दुकान जुनं. घरात कानडी बोलणारा, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि दोन्ही भाषांत मिळून दिवसाला शंभर शब्दांच्या वर न जाणारा माणूस. भगवानरावांनी गेल्या गेल्या जाहीर केलं, की दुखणं सांध्यात नाही, खुरात आहे. टायरवाल्याला गिऱ्हाईक कारण आधी सांगतंच, त्यामुळे शिवप्पानं मान डोलावली आणि ते कारण बाजूला ठेवलं. तो स्वतः गाडीत बसला. सरळ रस्त्यावर त्यानं गाडी हळूच डावीकडे झुकवली, मग उजवीकडे. आवाज एका सुरात होता. बेअरिंग गेलं असतं तर एका अंगावर वजन येताच सूर बदलला असता, एवढं तो परत आल्यावर बोलला. मग गाडी जॅकवर चढवली.

मागचं डावं चाक मोकळं झालं तसे भगवानराव पुढे झाले. त्यांनी शिवप्पाची परवानगी वगैरे विचारली नाही. वाकले, आणि टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवला, सुलटा. हात तेलावरून गेल्यासारखा गेला. मग उलटा फिरवला. तळहाताला दात लागले. नक्षीचा एकेक चौकोन एका कडेनं झिजून दुसऱ्या कडेनं उभा राहिला होता, अगदी करवतीसारखा. पलीकडच्या मागच्या टायरलाही तेच होतं. पुढचे दोन वेगळे झिजले होते, आतल्या कडेनं, पण त्यांना दात नव्हते.

“हे दात रस्त्यावर आपटायलेत,” भगवानराव म्हणाले. “हाच आवाज.”

शिवप्पा त्यांच्याकडे बघतच राहिला. वीस वर्षांत गिऱ्हाइकानं सांगितलेलं कारण पहिल्यांदा बरोबर निघालं होतं. ‘हौदु,’ म्हणजे कानडीत ‘हो’, एवढंच तो म्हणाला, पण त्याच्याकडून ते मानपत्र होतं. मग त्यानं विचारायला नको होतं ते विचारलं. टायर पुढचे मागे असे शेवटचे कधी फिरवले होते?

भगवानरावांनी छाती पुढे काढून डाव्या आणि उजव्या बैलाची शिकवणी सुरू केली. ती अर्ध्यावर आली तशी त्यांच्याच आवाजातली हवा कमी होत गेली. हात अजून त्या करवतीवर होता. शिवप्पानं मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तो समोर येऊन, भगवानरावांना नीट दिसेल असा उभा राहून बोलला.

“अण्णा, बैलाला आपली बाजू कळते. रबराला कळत न्हाई.”

लातूरच्या त्या साहेबाला जे चार वर्षांत जमलं नव्हतं ते आठ शब्दांत झालं. लक्ष्मीबाई बाकावर बसून पदरानं तोंड पुसत होत्या, म्हणजे हसत होत्या.

शिवप्पानं मागचे टायर पुढे घेतले, पुढचे मागे घातले, चाकांची बसणी, म्हणजे अलाइनमेंट, मशीनवर तपासून सरळ केली. काम संपताना हवेचा पंप सुरू होता, आणि हात पुसता पुसता शिवप्पा पाठमोऱ्या भगवानरावांना उद्देशून आणखी एक गोष्ट बोलला. आवाज लगेच जाणार नाही. दात झिजायला वेळ लागतो, दोन-तीन हजार किलोमीटर तरी, आणि सुरुवातीला पुढून जास्तच येईल. हे वाक्य भगवानरावांपर्यंत पोचलं नाही. लक्ष्मीबाईंपर्यंत पोचलं.

परतीच्या वाटेवर भगवानराव फार खुशीत होते. रविवारी व्यंकटला काय सांगायचं त्याची उजळणी चालली होती, त्यात बैलाचा विषय त्यांनी बेमालूम गाळला होता. उदगीर मागे पडल्यावर त्यांनी वेग वाढवला, मान तिरकी करून कान दिल्यासारखं केलं आणि निकाल दिला.

“गेला. पार गेला आवाज.”

लक्ष्मीबाईंच्या पायाखाली गिरणी चालू होती. आधी ती मागे होती, आता पुढे आली होती, एवढाच फरक. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर खरोखरचं समाधान होतं. तेवढ्यात मागून एका ट्रकनं हॉर्न दिला. मग परत दिला. मग दाबूनच धरला. भगवानराव रस्त्याच्या मधोमध, समाधानानं चालले होते. शेवटी ट्रक कच्च्या बाजूनं धुरळा उडवत पुढे गेला आणि ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढून या दोघांबद्दलचं मत दाखवलं. भगवानराव दचकले. हॉर्न वाजवायची पद्धतच राहिली नाही हल्ली, असं ते म्हणाले.

लक्ष्मीबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. एका बाभळीखाली गाडी थांबली. इंजिन बंद झालं.

“आवाज हाय,” त्या म्हणाल्या. “गेला न्हाई. शिवप्पा म्हणला, लगेच जात नसतो. अन् त्या ट्रकनं तीनदा हॉर्न दिला.”

भगवानराव स्टिअरिंगकडे बघत राहिले. बोलायला पुष्कळ होतं, रस्ता होता, पंपाचा गोंगाट होता, तोंडातल्या तोंडात बोलणारा शिवप्पा होता. यातलं काहीच त्यांच्या तोंडून आलं नाही.

“तुला कवापासून ठाऊक हाय?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही बाजारात पाठमोरं उभं राहणं सोडलं तवापासून.”

त्यांना वाटत होतं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तीन वर्षांपूर्वी हंडरगुळीच्या बाजारात त्यांनी बैलाकडे पाठ केली होती, मालकानं बैल चालवला होता, आणि त्यांना काहीही ऐकू आलं नव्हतं. घोळका वाट बघत होता. तेव्हा ते हळूच वळले आणि म्हणाले, आता वय झालं, समोरूनच बघू. लोक हसले, विषय संपला. लक्ष्मीबाई त्या दिवशी बांगड्यांच्या दुकानाशी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला वळताना बघितलं होतं आणि तीन वर्षं एक शब्द काढला नव्हता. भगवानरावांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही, लपवायला आता काही उरलंच नव्हतं. लक्ष्मीबाईंनाही वाईट वाटलं, पण दोघांनी एकदम रडून गाडी घरी कोण नेणार, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या. मग भगवानरावांनी इंजिन बंद असलेल्या गाडीतून किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

लक्ष्मीबाईंनी ती घेतली, थोडा वेळ हातात धरली आणि परत दिली. घरापर्यंत चालवा म्हणाल्या, वाटेत मी सांगते तसं.

रविवारी व्यंकट एसटीनं आला. परतीचं तिकीट काढायचा प्रश्नच नव्हता, परत तो गाडी घेऊन जाणार होता. त्यानं किल्ली मागून घेतली, गावाबाहेर चक्कर मारून आला आणि म्हणाला, की आवाज तर आहेच.

“हाय,” भगवानराव म्हणाले. “मागच्या टायरला करवतीवाणी दात आल्ते. ते आता पुढं घेतलेत. दात झिजूस्तर दोन-तीन हजार किलोमीटर आवाज ऱ्हाईल, मग कमी व्हईल. अन् चूक माझी. चार वर्षं मी टायर फिरवू दिले न्हाईत.”

व्यंकट दारात उभा राहिला. ‘चूक माझी’ हे शब्द त्या घरात त्यानं पहिल्यांदाच ऐकले होते. गाडीच्या आवाजापेक्षा हा आवाज त्याला जास्त अनोळखी होता. मग त्यानं सावरून, मुद्दाम समोर येऊन विचारलं, की तुम्हाला ऐकू येतो का तो आवाज.

“न्हाई,” भगवानराव म्हणाले. “तिला येतो.”

एवढं मोकळं उत्तर आल्यावर व्यंकटची सगळी तयारी वाया गेली. तो चाचरत म्हणाला, मग किल्ली आता माझ्याकडेच राहू द्या. लक्ष्मीबाईंनी पुढे होऊन त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि कमरेच्या छल्ल्याला, कोठीच्या किल्लीशेजारी अडकवली. मंगळवारी लातूरला कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरलंय, त्या म्हणाल्या, मशीन बसवायची, आणि डॉक्टर गाडी नको म्हणला तर नको. तोवर लक्ष्मीबाई बरोबर असल्याशिवाय गाडी दारातून हलणार नाही.

“तुला काळजी हाय, मला ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. “पण गाडी नेलीस तर हे त्या वट्यावर बसून मरतील.”

समोरच्या ओट्यावरून रामलिंगनं विचारलं, बेअरिंग बदललं का.

व्यंकटनं जेवण केलं, पिशवी उचलली आणि बसची वेळ बघितली. भगवानराव अंगणात त्याच्याकडे पाठ करून जोडीतल्या डाव्या बैलाच्या अंगावरून हात फिरवत होते. ‘आबा, येतो,’ व्यंकट नेहमीच्या आवाजात म्हणाला. बैलानं कान हलवला. आबा हलले नाहीत. लहानपणी याच पाठीमागे उभं राहून व्यंकटनं सगळ्या बाजाराला गप झालेलं बघितलं होतं. त्याला पुन्हा हाक मारणं जमेना. लक्ष्मीबाईंनी जाऊन नवऱ्याच्या कोपराला हात लावला तसे ते लगेच वळले, आणि एसटी स्टँडपर्यंत आम्ही सोडतो म्हणाले.

व्यंकट सवयीनं पुढे गेला आणि डावीकडचं पुढचं दार उघडून आईला म्हणाला, तू मागे ऐसपैस बस. भगवानरावांनी उजवीकडून वाकून त्याच्याकडे बघितलं.

“ती जागा बदलत न्हाई,” ते म्हणाले.

व्यंकट मागे बसला. गिरणी सुरू झाली. मुख्य रस्त्याला लागल्यावर मागून ट्रकनं हॉर्न दिला, आणि व्यंकट ओरडायला पुढे झुकला. त्याआधीच लक्ष्मीबाईंची दोन बोटं भगवानरावांच्या गुडघ्यावर टेकली होती. गाडी हळूच डाव्या कडेला सरकली, ट्रक गेला, बोटं उचलली गेली. दोघंही समोर बघत होती. व्यंकट मागे टेकून बसला आणि स्टँडवर उतरेपर्यंत त्यानं किल्लीचा विषय काढला नाही.